रूपचंद आपल्या नदीत रुजेल का?

पीएचडीच्या मुलाखतीसाठी प्रपोजल लिहिणाऱ्या मुलांचा एक विषय हमखास ठरलेला असतो: 'अमुक नदीतील परदेशी आक्रमक माशांचा अभ्यास'. विषय चांगला आहे, गरजेचाही आहे. अडचण एवढीच, की बहुतेक वेळा उत्तर शीर्षकातच लिहिलेलं असतं. मासा परदेशी आहे हे ठाऊक असतं, 'आक्रमक' हा शब्द बातमीतून आलेला असतो, आणि तो आक्रमक आहे हे कशावरून, हा प्रश्न मात्र कुणी विचारलेलाच नसतो. पॅनेलवरचे सर नेमका तोच विचारतात.

या लेखात आपण एकच मासा घेऊन हा प्रश्न नीट मांडायला शिकू. मासा आहे रूपचंद. आमच्या खोताच्या वाडीपासून चालत जाण्याएवढ्या चिराबाजारापासून ते दादर-परळपर्यंत, मुंबईत मासळी घेणाऱ्या जवळपास प्रत्येकाला हे नाव हल्ली ओळखीचं झालं आहे. चपटा, चंदेरी, लांबून पापलेटसारखा दिसणारा आणि पापलेटपेक्षा पुष्कळ स्वस्त. पापलेट समुद्रातला. रूपचंद गोड्या पाण्यातला, आणि त्याचं मूळ घर दक्षिण अमेरिकेत, ॲमेझॉन आणि ओरिनोको नद्यांच्या खोऱ्यांत. शास्त्रीय नाव पियारॅक्टस ब्रॅकिपोमस. जगात त्याला पाकू म्हणतात. बंगालीत 'रूपचांदा' हे पापलेटचं नाव. ते या पाहुण्याला चिकटलं आणि आपल्याकडे येईपर्यंत त्याचं रूपचंद झालं. भारतात तो 2003-04 च्या सुमारास बांगलादेशमार्गे आला. आज आंध्र प्रदेश, पश्चिम बंगाल अशा राज्यांतल्या तळ्यांत तो मोठ्या प्रमाणावर वाढवला जातो.

आधी ओळख पटवा

जीवशास्त्रात कुठलाही दावा करण्याआधी नमुना ओळखता यायला हवा. रूपचंद ओळखायच्या तीन साध्या खुणा आहेत. एक, पाठीवरचा मोठा पर आणि शेपटी यांच्यामध्ये एक छोटासा मांसल पर असतो. पापलेटला तो नसतो. दोन, रूपचंदला पोटाखाली परांची जोडी असते, मोठ्या पापलेटला ती नसते. तीन, तोंड उघडून दात बघा. रूपचंदचे दात माणसाच्या दाढांसारखे, चपटे आणि रुंद असतात.

ही तिसरी खूण नीट लक्षात ठेवा. लहान रूपचंदचं पोट लालसर असतं आणि तो हुबेहूब पिरान्हासारखा दिसतो. दोघं एकाच कुळातले आहेत. त्यामुळे 'तलावात पिरान्हा सापडला' अशी बातमी आली की आधी दातांचा फोटो मागायचा. पिरान्हाचे दात त्रिकोणी आणि धारदार असतात, पाकूचे दाढांसारखे. दातांकडे न बघता लिहिलेली नोंद शोधनिबंधात गेली, तर पुढची दहा वर्षं लोक तिचा हवाला देत राहतात. चुकीची नोंद करायला एक दिवस लागतो, ती खोडून काढायला अख्खा प्रबंध लागू शकतो.

'आला' आणि 'रुजला' यांत फरक आहे

परक्या प्रजातींचा अभ्यास करणारे लोक हा प्रवास टप्प्याटप्प्याने बघतात. 2011 मध्ये ब्लॅकबर्न आणि सहकाऱ्यांनी मांडलेली चौकट आज सर्रास वापरली जाते. तिच्यात चार टप्पे आहेत: वाहतूक, शिरकाव, रुजणं आणि पसरणं. प्रत्येक टप्प्यावर एक अडसर असतो. तो ओलांडला तरच प्रजाती पुढच्या टप्प्यात जाते.

रूपचंदच्या बाबतीत पहिला टप्पा झाला: तो भारतात आला. दुसराही झाला: तळ्यांना पूर आला की मासे बाहेर पडतात, ओढ्यात जातात, तिथून नदीत. केरळमध्ये ऑगस्ट 2018 च्या महापुरानंतर तिथल्या नद्यांत पाकू आणि अरापायमासारखे दक्षिण अमेरिकी मासे जाळ्यात आल्याच्या नोंदी झाल्या.

तिसरा टप्पा मात्र वेगळा आहे. रुजणं म्हणजे माणसाच्या मदतीशिवाय नदीत अंडी घालणं, त्यातून पिल्लं जगणं, ती मोठी होऊन त्यांनी पुन्हा अंडी घालणं. दोन किलोचा एक रूपचंद भीमेत जाळ्यात आला, तर त्यावरून शिरकाव सिद्ध होतो. रुजणं सिद्ध होत नाही. तो कुठल्या तरी तळ्यातून निसटून नदीत दोन वर्षं एकटाच वाढलेला असू शकतो.

मग आपला खरा प्रश्न असा झाला: रूपचंद महाराष्ट्रातल्या नद्यांत रुजू शकेल का, आणि रुजला तर कुठे? याचं उत्तर शोधायची सुरुवात भीमेवर करता येत नाही. ती त्याच्या घरच्या नदीवर करावी लागते.

घरची नदी: ॲमेझॉनचा पूर आणि तिथली मासेमारी

ब्राझीलमधल्या मनाउस शहराच्या बंदरात नदीच्या पातळीची नोंद 1902 पासून ठेवली जाते. तिथे पावसाळा आणि उन्हाळा यांत पाण्याची पातळी साधारण दहा मीटर खालीवर होते, म्हणजे तीन मजली चाळीएवढी. 2021 मध्ये ती 30 मीटरच्या वर गेली आणि 2024 च्या दुष्काळात 12.5 मीटरच्याही खाली उतरली.

हा पूर आपल्या पुरासारखा दोन-चार दिवसांत ओसरणारा नसतो. तो महिनोन्‌महिने हळूहळू चढतो आणि तसाच हळूहळू उतरतो. चढताना नदी काठ सोडून जंगलात शिरते. झाडं बुंध्यापर्यंत, काही ठिकाणी फांद्यांपर्यंत पाण्यात उभी राहतात. याच काळात कित्येक झाडांना फळं येतात, ती पाण्यात पडतात आणि मासे ती खातात. रूपचंदच्या दाढा कशासाठी आहेत ते आता कळलं असेल: बिया फोडण्यासाठी.

मायकेल गोल्डिंग या संशोधकाने मदेइरा नदीच्या खोऱ्यात राहून याचा अभ्यास केला आणि 1980 मध्ये त्यावर 'द फिशेस अँड द फॉरेस्ट' हे पुस्तक लिहिलं. रूपचंदचा मोठा चुलतभाऊ तांबाकी, म्हणजे कोलोसोमा मॅक्रोपोमम, रबराच्या झाडाच्या टणक बियासुद्धा फोडून खातो हे त्यात तपशिलाने आलं आहे. प्रत्येक बी फुटत नाही. काही अख्ख्या गिळल्या जातात आणि दूर जाऊन विष्ठेतून पडतात. पेरूमध्ये झालेल्या आणि 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाच्या हिशोबाने तांबाकी एखादी बी जास्तीत जास्त साडेपाच किलोमीटरपर्यंत नेऊ शकतो. म्हणजे तिथे मोठे मासे संपले, तर प्रश्न फक्त ताटातल्या माशाचा राहत नाही, जंगलाच्या पेरणीचाही होतो.

तिथल्या कोळ्यांना हे शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधी माहीत होतं. पुराच्या दिवसांत ते 'गापोंगा' नावाचं साधन वापरतात. काठीला दोरी, दोरीच्या टोकाला फळाएवढा गोळा. तो पाण्यावर आपटायचा. पाण्यात फळ पडल्यासारखा आवाज होतो, तांबाकी त्या दिशेने येतो आणि गळाला लागतो. कुठला मासा काय खातो, कधी खातो आणि अन्न कसं शोधतो, या तिन्ही गोष्टींचं ज्ञान त्या एका काठीत आहे.

आता मासेमारीचं वेळापत्रक बघा. पूर चढलेला असतो तेव्हा मासे हजारो चौरस किलोमीटरच्या जंगलात विखुरलेले असतात, म्हणून ते कमी मिळतात. पाणी उतरलं की ते मुख्य पात्रात आणि उरलेल्या डोहांत गोळा होतात आणि जाळी भरून निघतात. पाणी पुन्हा चढू लागतं तो काळ विणीचा. पाकू आणि तांबाकी गढूळ पाण्याच्या मोठ्या पात्रांत जाऊन अंडी सोडतात. अंडी कशालाही चिकटत नाहीत. ती प्रवाहाबरोबर वाहत जातात, एका दिवसाच्या आत फुटतात आणि सुईसारखी पिल्लं पुराच्या पाण्याबरोबर काठावरच्या बुडालेल्या गवतात, तळ्यांत पोचतात. तिथे अन्नही असतं आणि लपायला जागाही.

म्हणून ब्राझीलच्या ॲमेझोनास राज्यात ऑक्टोबर ते मार्च तांबाकी पकडायला बंदी असते, आणि एरवीही 55 सेंटिमीटरपेक्षा लहान तांबाकी धरता येत नाही. बंदीच्या काळात नोंदणीकृत कोळ्यांना सरकारकडून दरमहा किमान वेतनाएवढी रक्कम मिळते. बंदी घालणं सोपं असतं, त्या काळात चूल कशी पेटायची याचा विचार कठीण असतो. तो कायद्यातच केलेला आहे.

पूर, मासे, जंगल आणि मासेमारी यांना एका सूत्रात बांधणारी कल्पना युंक, बेली आणि स्पार्क्स यांनी 1989 मध्ये मांडली. आपण तिला 'पूर-स्पंद' म्हणू. नदी म्हणजे फक्त पात्र नव्हे. वर्षातून एकदा काठ ओलांडून पसरणं आणि परत आत येणं हा तिचा ठोका आहे, आणि तिच्यातलं जीवन त्या ठोक्यावर चालतं.

आपल्याकडचा ठोका: चढण

हे वाचताना कोकणातल्या किंवा मावळातल्या वाचकांना एक ओळखीचा शब्द आठवला असेल: चढणीचे मासे. कुठे त्यांना वलगणीचे मासे म्हणतात. मृगाचा पहिला जोराचा पाऊस झाला, ओढे गढूळ होऊन वाहू लागले, की मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात, शेतात शिरतात, खाचरांत अंडी घालतात. माणसंही कंदील नाहीतर बॅटरी घेऊन रात्री निघतात. चढण म्हणजे आपला पूर-स्पंदच, फक्त आखूड आणि घाईचा.

गंगेच्या खोऱ्यातले रोहू, कटला, मृगळ हे मासेही याच ठोक्यावर चालतात. पावसाळ्यात वाहत्या, चढत्या पाण्यात अंडी घालायची, हा त्यांचा नियम. तळ्यात ते वाढतात, पोटात अंडी धरतात, पण घालत नाहीत. पुराचा इशाराच मिळत नाही. हे कुलूप माणसाने इंजेक्शनने उघडलं. माशाच्या पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून अंडी घालायला लावायचं हे तंत्र 1930 च्या दशकात ब्राझीलमध्ये रोडोल्फो फॉन इहेरिंग यांनी विकसित केलं. भारतात हिरालाल चौधुरी आणि सहकाऱ्यांनी 10 जुलै 1957 रोजी ओडिशात आपल्या कार्प माशांवर ते यशस्वी करून दाखवलं. म्हणून 10 जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन. आज बाजारात मिळणारा जवळजवळ प्रत्येक रोहू-कटला अशाच बीजकेंद्रातल्या जिऱ्यापासून आलेला असतो.

रूपचंदसुद्धा तसाच. भारतातल्या तळ्यांत तो मोठा होतो, पण बीज तयार करायला संप्रेरकाचं इंजेक्शन द्यावं लागतं. दोन खंडांतले, एकमेकांशी जवळचं नातं नसलेले मासे, आणि कुलूप एकच. कारण दोघांनाही घडवलं ते पुराच्या नद्यांनी.

मग धरणात कोण रुजतं?

भीमेवरचं उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झालं. तिथल्या भोई मच्छीमारांना विचारा, जाळ्यात सगळ्यात जास्त काय येतं? उत्तर मिळेल, चिलापी. चिलापी म्हणजे तिलापिया, मूळचा आफ्रिकेतला. मोझांबिक तिलापिया भारतात 1952 मध्ये आणला गेला. त्याच पाण्यात रोहू-कटल्याची संख्या टिकवायला दरवर्षी बोटुकली सोडावी लागते. चिलापीला कुणी काही सोडावं लागत नाही.

असं का? चिलापीची मादी अंडी तोंडात धरून उबवते. तिला पूर लागत नाही, वाहतं पाणी लागत नाही, काठावरचं बुडालेलं गवतही लागत नाही. साचलेलं पाणी तिला पुरतं.

दुसरं उदाहरण तर दक्षिण अमेरिकेतलंच आहे. फिशटँकची काच साफ करायला आपण जो सकर मासा आणतो तो. केरळमध्ये आणि कोलकात्याच्या पूर्वेकडच्या पाणथळ जागांत तो रुजलेला आहे. सकरचा नर काठाच्या मातीत बीळ करून आतल्या अंड्यांची राखण करतो. पाण्यात प्राणवायू कमी पडला तर तो वर येऊन हवा गिळतो. गढूळ, सांडपाण्याचं, संथ पाणी त्याला चालतं.

म्हणजे रूपचंद आणि सकर, दोघेही दक्षिण अमेरिकी, दोघेही माणसामुळे इथे आलेले. तरी धरणाच्या पाण्यात त्यांचं भविष्य सारखं असण्याचं कारण नाही. एकाची अंडी वाहत्या पाण्यावर अवलंबून आहेत, धरणाच्या संथ पाण्यात ती तळाशी बसून वाया जाण्याची शक्यता मोठी. दुसऱ्याची अंडी बापाच्या पहाऱ्यात बिळात आहेत. 'दक्षिण अमेरिकेतला मासा' हे वर्णन इथे काहीच सांगत नाही. 'अंडी कशी घालतो' हे वर्णन खूप काही सांगतं.

आता कुणी म्हणेल, मग रूपचंद निर्धोक झाला. थांबा. न्यू गिनी बेटावरच्या सेपिक नदीत 1990 च्या दशकात मत्स्योत्पादन वाढवायला म्हणून पाकू सोडण्यात आला. तिथे तो रुजला, आणि आज तिथल्या लोकांच्या रोजच्या पकडीत असतो. सेपिकवर मोठं धरण नाही आणि तिला काठाला प्रचंड पूरमैदान आहे. म्हणजे घरच्यासारखी नदी मिळाली की तोच मासा रुजतो. हे उदाहरण आपल्या तर्काच्या विरोधात जात नाही, उलट त्याला धार लावतं: धोका माशात एकट्यात नसतो, मासा आणि नदी यांच्या जोडीत असतो.

गृहीतक असं लिहा

आता आपल्याला एक तपासता येईल असं विधान करता येतं. रूपचंद धरणांच्या साखळीत अडकलेल्या भीमेसारख्या नदीत वारंवार सापडेल, पण सहज रुजणार नाही. रुजण्याची शक्यता शोधायची तर जिथे लांब, वाहतं पात्र आणि रुंद पूरमैदान शिल्लक आहे तिथे शोधावी. उदाहरणार्थ, वर्धा आणि वैनगंगा मिळून होणाऱ्या प्राणहितेचा गडचिरोलीतला पट्टा. कोकणातल्या नद्या आखूड आणि तीव्र उताराच्या, म्हणून तिथे शक्यता कमी.

हे विधान खोटं ठरू शकतं, आणि म्हणूनच ते उपयोगाचं आहे. आपले पूर ॲमेझॉनपेक्षा फार वेगाने ओसरतात, तेव्हा प्राणहितेतही तो रुजणार नाही असं निघू शकेल. किंवा तो आपल्या पावसाळ्याशी जुळवून घेईल आणि भीमेतच रुजेल. दोन्हीपैकी काहीही निघालं तरी तुम्हाला काही नवं कळलेलं असेल. 'आक्रमक रूपचंदचा अभ्यास' या शीर्षकाखाली यातलं काहीच कळलं नसतं.

पुरावा कोणता मागायचा?

इथे मुलं बऱ्याचदा घसरतात, म्हणून एकेक पायरी बघू.

पोटात अंडी असलेली मादी सापडली, पुरावा झाला का? नाही. तळ्यातली मादीही अंडी धरते. अडतं ते पुढे, अंडी सोडताना.

लहान मासा सापडला, पुरावा झाला का? अर्धाच. तळ्यांत सोडायला आणलेली बोटुकलीही निसटते. आसपासच्या तळ्यांत किती आकाराचं बीज सोडलं जातं ते आधी शोधा. त्याहून लहान पिल्लं, किंवा वाहत्या पाण्यातल्या बारीक जाळीत अंडी आणि सुईएवढी पिल्लं मिळाली, तर पुरावा भक्कम.

एका वर्षी मिळाली, पुरे का? नाही. वेगवेगळ्या वयांचे मासे, लागोपाठच्या वर्षांत, आणि जवळ तळी नसलेल्या ठिकाणीही मिळायला हवेत.

आणि पकडीच्या आकड्यांबद्दल विशेष सावध राहा. ॲमेझॉनचं वेळापत्रक आठवा: पाणी उतरलं की पकड वाढते, मासे वाढलेले नसतात. एक कल्पित हिशोब करू. समजा 100 हेक्टर पाण्यात 1000 मासे आहेत, म्हणजे हेक्टरी 10. उन्हाळ्यात पाणी आटून 25 हेक्टर राहिलं आणि मासेही घटून 600 झाले. आता हेक्टरी 24. त्याच जाळ्यात तेवढ्याच वेळात दुपटीहून जास्त मासे येतील, आणि नुसती पकड बघणारा लिहील, 'मासे वाढले'. प्रत्यक्षात ते 40 टक्क्यांनी घटलेत. उन्हाळ्यात उजनीचं पाणी किती खाली जातं हे सोलापूरकरांना सांगायला नको. तेव्हा पकडीबरोबर त्या दिवशीची पाण्याची पातळी लिहिलीच पाहिजे.

पकड लिहायची तीही प्रयत्नाच्या हिशोबात. कुठलं जाळं, किती लांब, आस केवढी, किती तास पाण्यात होतं, आणि मग किती मासे. आस मोठी असेल तर लहान मासे निसटणारच. मग 'लहान मासे नाहीत' हे निरीक्षण नदीबद्दल काही सांगत नाही, जाळ्याबद्दल सांगतं. आणि ज्या दिवशी एकही रूपचंद आला नाही त्या दिवसाचं शून्यही वहीत लिहा. शून्यं न लिहिलेली वही म्हणजे फक्त सापडल्याच्या बातम्यांचं कात्रण.

मच्छीमाराला काय विचारायचं?

'तुमच्याकडे आक्रमक प्रजाती वाढल्या आहेत का?' असं विचारलंत तर समोरचे काका तुमच्या तोंडाकडे बघतील आणि सौजन्य म्हणून 'हो' म्हणतील. ते 'हो' म्हणजे विदा नव्हे.

त्यापेक्षा असं विचारा: काका, यंदा चढण कधी लागली? चढणीला कोणते मासे होते? पूर्वी असायचे आणि आता दिसत नाहीत असे कोणते? रूपचंद कधी मिळाला, केवढा होता, कुठे, कुठल्या महिन्यात? मासे साफ करताना त्याच्या पोटात काय निघालं? शेवटचा प्रश्न विसरू नका. माशाच्या आहाराबद्दल मासे कापणाऱ्या मावशींना जेवढं माहीत असतं, तेवढं पुष्कळ शोधनिबंधांत नसतं.

स्थानिक नावं ऐकू येतील तशी लिहून घ्या. याला आपल्याकडे जुना आधार आहे. कर्नल साइक्स यांनी 1839 मध्ये दख्खनच्या माशांची वर्णनं केली, तेव्हा कित्येक शास्त्रीय नावं इथल्या लोकांच्या तोंडून घेतली. टोर खुद्री, हिप्सेलोबार्बस कोलस, गारा मुल्ल्या या नावांमधली दुसरी पदं मुळा-मुठा-भीमेच्या काठची बोली आहेत. जगभरातल्या संग्रहालयांच्या बरण्यांवर आज ती लिहिलेली असतात. ज्यांनी ती नावं सांगितली त्यांची मात्र कुठेच नोंद नाही. तुम्ही प्रबंध लिहाल तेव्हा निदान ऋणनिर्देशात तरी, परवानगी घेऊन, ही नोंद करा.

आणखी एक. रुजण्याचा पुरावा नाही याचा अर्थ मासा नदीत सोडायला हरकत नाही, असा होत नाही. दरवर्षी थोडे थोडे मासे निसटत राहिले तर रुजण्याची संधीही दरवर्षी नव्याने मिळते. रुजले नाहीत तरी ते खातात, जागा अडवतात, सोबत रोग आणू शकतात. म्हणून नमुन्यासाठी धरलेला परका मासा जिवंत परत पाण्यात जाणार नाही, हे तुमच्या कार्यपद्धतीत लिहा. घरातला सकर कंटाळा आला म्हणून तलावात सोडू नये, हे शेजाऱ्यांनाही सांगा.

आता ते प्रपोजल पुन्हा काढा आणि शीर्षक बदला. 'भीमा नदीतील रूपचंद या आक्रमक माशाचा अभ्यास' याऐवजी लिहा: 'पूर-स्पंदावर अवलंबून असलेला पाकू मासा धरणांच्या नदीत आणि मुक्त वाहणाऱ्या नदीत प्रजनन करतो का? भीमा आणि प्राणहिता यांचा तुलनात्मक अभ्यास'. शीर्षक लांब झालं, चालेल. त्यात प्रश्न आहे, कारण आहे, तुलना आहे आणि 'नाही' असं उत्तर निघायलाही जागा आहे. वेळापत्रकात पहिलं नमुना-संकलन जूनमध्ये ठेवा, कारण पहिला मोठा पाऊस चुकला तर पुढचा ठोका थेट वर्षभराने आहे. आणि प्रवासाचं आरक्षण करण्याआधी तिथल्या एखाद्या भोई काकांचा फोन नंबर मिळवा. चढण लागली हे वेधशाळेच्या आधी त्यांना कळतं.